आईच्या उशाखालची चूर्णाची बाटली

महालची_लेक (धागा सुरू करते आहे)

नमस्कार. इथे बरीच वर्षं फक्त वाचत होते. आज लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात घरी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

माझी आई ६८ वर्षांची. नागपुरात, महाल भागातल्या जुन्या घरात एकटी राहते, मी मनीषनगरला. तिला बारा वर्षांपासून साखर आहे, सोबत बीपी. साखरेसाठी सकाळी ग्लिमेपिराइड आणि दोन वेळा मेटफॉर्मिन. गोळी चुकवणारी बाई नाही ती. चैत्रातल्या एकादशीला सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या काकूंचा फोन आला, "लवकर ये, आई घामानं निथळते आहे आणि काहीतरीच बोलते आहे." आम्ही तिला जवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४१ पर्यंत उतरली होती. ग्लुकोज गेल्यावर काही मिनिटांत तिनं डोळे उघडले आणि मला पाहून म्हणाली, "आज ऑफिस नाही का गं?"

डॉक्टरांनी विचारलं, "या गोळ्यांशिवाय आणखी काही औषध चालू आहे का?" मी लगेच "नाही" म्हणाले. आईनंही मान हलवली. रात्री दोनला साखर पुन्हा ५२ पर्यंत उतरली. सगळे चक्रावले. मग उशी सारखी करताना सिस्टरना आईची कापडी पिशवी दिसली. त्यात जपमाळ, चष्म्याचं घर आणि एक चूर्णाची बाटली. संध्याकाळी, दवाखान्याच्या पलंगावर बसून, आईनं त्यातलं चमचाभर चूर्ण कोमट पाण्यासोबत घेतलं होतं. रोजच्यासारखं. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, ते औषध थोडंच आहे? जांभळाच्या बिया आणि कारलं आहे त्यात."

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबात ते औषधच नव्हतं.

घरी आल्यावर मी तिच्यासोबत स्वयंपाकघराच्या फळीसमोर बसले आणि एकेक डबा खाली काढला. रेशीमबागेत फिरायला जाणारा शेजारचा मुलगा रोज आणून देतो तो कारल्याचा रस. ते चूर्ण. रात्री भिजवलेले मेथीदाणे. कोविडपासून चालू असलेला गुळवेलीचा काढा. झोपेसाठी अश्वगंधाच्या गोळ्या, त्या मावशीनं दिलेल्या. भजनी मंडळात गळा बसतो म्हणून दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी. दिवसाला सहा गोष्टी, आणि यातली एकही तिच्या डॉक्टरांच्या कागदावर नाही.

मी स्वतः आजीच्या बटव्यावर वाढले आहे. ओवा, सुंठ, हळदीचं दूध, उन्हाळ्यात बेलाचं सरबत आणि कैरीचं पन्हं, हे मला नकोसं नाही. मला एवढंच विचारायचं आहे: तुमच्या घरी काय काय घेतात? आणि ते डॉक्टरांना सांगता का?

---

निवासी_डॉक्टर

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. मी मेडिसिन विभागात निवासी डॉक्टर आहे. अशा केसेस उन्हाळ्यात आणि उपासांच्या दिवसांत आम्ही नेहमी पाहतो.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि त्याचा असर दिवसभर टिकतो. त्यामुळे ग्लुकोज देऊन साखर वर आली तरी ती पुन्हा उतरू शकते. म्हणूनच अशा पेशंटला आम्ही रात्रभर ठेवून घेतो. तुमच्या आईंच्या बाबतीत गोळी होती, एकादशीचा उपास होता आणि वर रस, चूर्ण, मेथी. यातल्या कुणी किती साखर उतरवली हे आज कुणीच सांगू शकणार नाही. कारलं आणि मेथी साखर थोडीफार उतरवतात, हे मी नाकारत नाही. पण २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे रोज २ मिलिग्रॅमच. रसाच्या ग्लासात आज किती आणि उद्या किती, हे कारल्यालाही ठाऊक नसतं आणि रसवाल्यालाही.

एक विनंती. ती चूर्णाची बाटली फेकू नका, तशीच जपून ठेवा. साखरेच्या किंवा ताकदीच्या 'हर्बल' औषधांमध्ये चोरून ॲलोपॅथीची गोळी मिसळल्याची उदाहरणं आहेत. सिंगापूरमध्ये २००८ साली पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेली सुमारे १५० माणसं साखर एकदम उतरल्यामुळे रुग्णालयांत दाखल झाली. त्यातले ४ दगावले. लैंगिक ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखरेचं औषध निघालं होतं. तुमच्या बाटलीत तसं आहे असं मी म्हणत नाही. पण शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि तेव्हा बाटली हातात असावी लागते.

---

बर्डीवाला_भाऊ

ताई, माह्या बाबाचं सांगतो. गुडघे लय दुखत होते. गावच्या बाजारात एक जन पुड्या घेऊन येत होता, 'शंभर टक्के जडीबुटी' म्हने. आठ दिवसांत बाबा जिना चढून रायले! आम्ही तं त्याले देवच मानलं. दीड वर्ष घेतल्या. मंग चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातापायाची कातडी कागदासारखी पातळ झाली, कुठं टेकलं का काळंनिळं होये. साखर नव्हती, ते बी निघाली. म्या रागानं सगळ्या पुड्या एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या दिवशी बाबा उठूच शकले नाही. बीपी एकदम खाली. दवाखान्यात डॉक्टर म्हनाले, यात स्टेरॉइड होतं. पुड्या बंद कराच लागत होत्या, पन अशा एकदम नाही. ते मले कोनीच सांगतलं नव्हतं.

आता बाबा बरे हायेत. पन दीड वर्ष माह्या बापाले म्या सोताच्या हातानं पानी देऊन स्टेरॉइड चारलं, ते मनातून जात नाही.

---

निवासी_डॉक्टर

भाऊ, तुमचा दोष नाही. बाहेरून महिनोन् महिने स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवतं. मग एकाएकी बंद केलं की माणूस कोसळतो. म्हणून इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: जुन्या दुखण्यावर एखाद्या पुडीनं चार-आठ दिवसांत चमत्कार झाला असेल, तोंड सुजल्यासारखं वाटत असेल, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे या. घरीच एकदम बंद करू नका.

---

धरमपेठचे_आजोबा

मी ७९ वर्षांचा, सेवानिवृत्त शिक्षक. माझी बाजूही ऐकून घ्या.

गेली चाळीस वर्षं मी रोज रात्री त्रिफळा घेतो आणि मला बद्धकोष्ठ माहीत नाही. असे धागे निघाले की प्रत्येक वेळी आयुर्वेदालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. दुखण्याच्या गोळ्या खाऊन किती जणांची किडनी खराब झाली? साध्या सर्दीवर प्रतिजैविकं कोण लिहून देतं?

आणि ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी प्रामाणिकपणे देतो. मी डॉक्टरांना सांगत नाही. एकदा सांगितलं होतं. एका दवाखान्यात डॉक्टरांना त्रिफळ्याचं नाव काढल्याबरोबर ते माझ्यावर ओरडले, "हे असलं काही खायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका." बाहेर बाकावर बसलेल्या वीस लोकांनी ते ऐकलं. आयुष्यभर वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस मी. त्या दिवसापासून कुणालाही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

---

महालची_लेक

आजोबा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. आईला विचारलं, तू का नाही सांगितलंस? आधी म्हणाली "ते औषध नाही". मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर रागावले असते."

---

निवासी_डॉक्टर

आजोबा, ज्यांनी तुम्हाला तसं बोलून दाखवलं त्यांच्या वतीनं माफी मागायचा मला अधिकार नाही. पण आमच्यात हे होतं, हे मान्य करतो. ओपीडीत रांग लागलेली असते, एका पेशंटला चार मिनिटंही मिळत नाहीत, आणि 'चूर्ण' हा शब्द कानावर पडला की आमचा सूर बदलतो. पेशंटला तो लगेच कळतो.

मी आता प्रश्नच बदलला आहे. "औषध घेता का?" असं विचारतच नाही. विचारतो, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत चहा-जेवण सोडून पोटात काय काय जातं?" मग माणसं सांगतात. रस, काढा, भुकटी, कुणाच्या देवस्थानाची विभूती, सगळं. मागच्या आठवड्यात एका काकूंनी अकरा गोष्टी सांगितल्या.

आणि एक खरं सांगतो. औषध आणि वनस्पती हे वैर मला कधीच पटलं नाही. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. सर्पगंधा बीपी उतरवते, हे १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगानं दखल घेतली. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी तू यूयू यांना २०१५ चा नोबेल मिळाला. झाडात ताकद आहे, म्हणूनच तर ती कुठे नि किती हे विचारावं लागतं.

---

वैद्य_हुडकेश्वर

मी बी.ए.एम.एस., हुडकेश्वर भागात अठरा वर्षांपासून प्रॅक्टिस करतो. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात ओपीडी आहे, शहरात वैद्य कमी नाहीत. तरी लोक औषध विचारतात ते मोबाइलला, शेजाऱ्याला किंवा भजनी मंडळाला. याचं मला सगळ्यांत जास्त दुःख होतं.

आयुर्वेदात माणूस, त्याची प्रकृती, ऋतू, मात्रा, अनुपान (औषध कशासोबत घ्यायचं) हे पाहून औषध देतात. पावसाळ्यातला काढा वैशाखात, नागपूरच्या ४५ अंशांत, रोज दोन वेळा कोण घ्यायला सांगेल? कोविडमध्ये आयुष मंत्रालयानं (आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांचं केंद्रीय खातं) तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्याचा आयुष क्वाथ सुचवला होता. लोकांनी त्यात लवंग, ओवा, गुळवेल, जे हाताला लागेल ते घातलं. पित्तानं तोंड आलेले, मूळव्याध उसळलेले किती पेशंट त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले!

ताई, तुमच्या यादीतली एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ज्येष्ठमध. गळ्याला उत्तम, पण आईंना बीपी आहे. दिवसभर काडी चघळली तर अंगात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. चार दिवस गळा बसला म्हणून घेणं वेगळं, महिनोन् महिने रोज चघळणं वेगळं. त्यांचं बीपी मध्यंतरी वाढलं होतं का, तपासून पाहा.

आणि विषारी द्रव्यांबद्दल आमचेच ग्रंथ फार कडक आहेत. विदर्भात बिब्बा घरोघरी माहीत आहे, बिब्बा उतला की अंगभर कसे फोड येतात तेही. तो बिब्बा, वत्सनाभ, कुचला, धोत्रा, गुंजा, पारा यांची यादी औषध कायद्याच्या नियमांत 'अनुसूची ई (१)' म्हणून दिली आहे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या, अशी सूचना बाटलीवर छापावी लागते. ती सूचना नुसती छापलेली नसते. वाचा.

---

फार्मसीवाली

बाटलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं इतवारीजवळ औषधांचं दुकान आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं: आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. म्हणून ते किराणा दुकानात, प्रदर्शनात, प्रवचनाच्या मांडवात, कुठेही मिळतं. ॲलोपॅथीच्या औषधाचं तसं नाही.

दुकानात माणूस आला की मी बाटली उलटी करून दाखवते. त्यावर आयुर्वेदिक औषध म्हणून उत्पादन परवाना क्रमांक आहे, की अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक आहे? दुसरा असेल तर कायद्यानं ते औषध नाही, अन्न आहे, पूरक आहार आहे. अशा पूरक आहारावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं लिहावं लागतं. आता डबा हातात घ्या: समोर मोठ्या अक्षरात 'शुगर', 'लिव्हर', 'सांधे', आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'औषधी उपयोगासाठी नाही'. दोन्ही एकाच डब्यावर! माणूस समोरचं वाचून घेतो.

मधुमेह बरा करतो, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या अनुसूचीत ५४ आजार आहेत, मोतीबिंदू, लठ्ठपणा, मूतखडा सगळे. तरी माझ्या फोनवर दिवसातून दहा जाहिराती येतात.

---

मिहानची_नोकरी

मॅडम, मी ३१ वर्षांचा, आयटीमध्ये. ऑफिसमध्ये सगळे हळदीच्या कॅप्सूल घेतात, मीही घेतो. हळद तर आपण रोजच खातो, त्यात काय अपाय होणार?

---

फार्मसीवाली

दादा, डब्याची मागची बाजू वाचा. साध्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, साधारण ३ टक्के असतं. कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांचा अर्क, ५०० मिलिग्रॅम. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये सुमारे सोळा ग्रॅम हळदीतलं कर्क्युमिन. पाच चमचे हळद वरणात घालून तुम्ही खाल का? वर बहुतेक कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपेरिन असतं. १९९८ साली बेंगळुरूत झालेल्या एका अभ्यासात पिपेरिनमुळे माणसांच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन २० पटींनी वाढलेलं दिसलं होतं. आईच्या हातच्या भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल, नाव एकच. हळदीच्या अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

हळदीचा अभिमान मलाही आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) ते १९९७ साली रद्द करवून घेतलं. ती लढाई आपल्या घराघरातल्या ज्ञानासाठी होती. डब्यातल्या अर्काचं प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही.

---

फुटाळा_फिरस्ता

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तलावांच्या आणि बागांच्या बाहेर ते रसाचे गाडे असतात ना, कारलं, आवळा, गव्हांकुर, दुधी. दुधीचा रस कडू लागला तर घोटही घेऊ नका. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी-कारल्याचा रस पिऊन गेले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं समिती नेमली. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून पाहा, कडू असेल तर फेकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण कारल्यात मिसळला की दुधीचा कडूपणा कळणारच नाही. आणि गाड्यावर तर 'मिक्स' म्हणून तेच देतात.

माझ्या फिरण्याच्या गटात हे सांगितलं तर एक गृहस्थ म्हणाले, कडू आहे म्हणजेच गुणकारी आहे. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलं आहे ना.

---

कामठीची_आई

हा धागा दोन दिवसांपासून वाचते आहे. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. चौदा वर्षांचा आहे. आपल्या विदर्भात याचे वाहक बरेच आहेत, हे आपल्याला माहीत आहे. त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू झाल्यापासून त्याला दुखण्याचे झटके कमी येत होते. मागच्या वर्षी नात्यातल्या एकानं एका माणसाची गाठ घालून दिली. तो म्हणाला, ही गोळी विष आहे, माझा 'रक्तशुद्धीचा' सहा महिन्यांचा कोर्स घ्या, पॅटर्न बदलेल. १८ हजार रुपये. आम्ही मजुरी करणारी माणसं, बचत गटातून उचलले. गोळी बंद केली. तिसऱ्या महिन्यात मुलाला असा झटका आला की रात्रभर तो किंचाळत होता. छातीत संसर्ग झाला, रक्त चढवावं लागलं.

पॅटर्न कोणत्याही औषधानं, काढ्यानं बदलत नाही, हे मला वॉर्डातल्या सिस्टरनं कागदावर चित्र काढून समजावलं. आधी कुणी तसं बसून समजावलं नव्हतं. त्या माणसानं मात्र आमच्या घरी येऊन दोन तास बसून समजावलं होतं. म्हणून आमचा त्याच्यावर विश्वास बसला.

---

वैद्य_हुडकेश्वर

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. वैद्य म्हणून स्पष्ट लिहितो: सिकलसेलच्या पेशंटला "तुमची चालू गोळी बंद करा" असं जो म्हणेल, तो वैद्य असो, डॉक्टर असो की महाराज, तिथून उठून यावं. भूक, झोप, ताकद यासाठी माझ्याकडे अशी मुलं येतात. मी त्यांच्या डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय काही देत नाही. तुमच्या त्या दोन तासांच्या गोष्टीवर मात्र आम्ही सगळ्यांनीच विचार करायला हवा.

---

धरमपेठचे_आजोबा

कामठीच्या ताई, मुलगा आता कसा आहे?

---

कामठीची_आई

बरा आहे काका. गोळी रोज घेतो. नववीत आहे.

---

पवनीकर

मी पवनीचा. आमच्याकडून हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी, मोहफूल इतवारीच्या व्यापाऱ्यांकडे जातं. वनस्पती गोळा करणाऱ्यांच्या बाजूनं थोडं सांगतो.

गुळवेलीवर मी इथे भांडणं पाहिली आहेत. झालं असं की कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले पेशंट डॉक्टरांनी मोजले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली ६ पेशंटांची नोंद छापली, पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ पेशंटांची. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की दिसायला सारखी, पण वेगळी आणि विषारी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही जात वापरली गेली असेल. दोन्हीकडचे लोक एकमेकांवर ओरडत राहिले.

आम्ही जंगलात जाणारे लोक काय पाहतो ते सांगतो. २०२० मध्ये व्यापाऱ्यांनी इतकी गुळवेल मागितली की कधी वेल न ओळखणारी पोरंही विळा घेऊन निघाली. जे हिरवं, वेलीसारखं दिसलं ते पोत्यात. ओली, बुरशी आलेली, कोणत्या झाडावरची ते पाहिलं नाही. आमचे म्हातारे फक्त कडुनिंबावरची वेल घेतात, खोड आडवं कापून आतली चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी, म्हणजे 'चाक', पाहतात. ते चाक पाहणारं माणूस आणि तुमच्या हातातली भुकटी यांच्यामध्ये पाच जणांचे हात असतात. माझ्या मते खरी गुळवेलसुद्धा ज्यांचं यकृत आधीच बिघडलेलं आहे त्यांनी स्वतःच्या मनानं घेऊ नये. पण चूक वेलीची की पोत्याची, हे न तपासता वेलीला दोष देणंही मला जड जातं.

---

आकडे_आवडणारी

चर्चेला एक संदर्भ देते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७९ व्या फेरीत, जुलै २०२२ ते जून २०२३, पहिल्यांदाच आयुषवर स्वतंत्र देशव्यापी पाहणी झाली. मागच्या वर्षभरात आजार टाळायला किंवा बरा करायला आयुष वापरलेले लोक ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरात सुमारे ५३ टक्के. शहरात जास्त! हे खेड्यातल्या अडाणी माणसांचं खूळ आहे असं समजणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. म्हणजे ओपीडीत समोर बसलेल्या दर दोन माणसांतला एक यातलं काहीतरी घेतो आहे, असं धरूनच डॉक्टरांनी सुरुवात करायला हवी.

---

बर्डीवाला_भाऊ

बाबाले हा धागा वाचून दाखोला. ते म्हनाले, त्या बाजारातल्या मानसाची तक्रार करून टाकू. मले पुडी ठेवायची अक्कल नव्हती तेव्हा. पन शेजारी एका काकाकडं अजून हायेत त्याच पुड्या. त्यायले घेऊन उद्या जातो. आधी दवाखान्यात, मंग तक्रारीले.

---

फार्मसीवाली

भाऊ, नक्की जा. आणखी एक: औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो नोंदवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, पेशंट स्वतः फोन करू शकतो. आयुर्वेदिक, युनानी आणि होमिओपॅथी औषधांसाठीही २०१८ पासून वेगळी नोंद यंत्रणा आहे. माझ्या दुकानातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी याबद्दल कधी ऐकलेलं नसतं.

---

महालची_लेक

आठ दिवसांनी लिहिते आहे.

आईला घेऊन तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. सगळे डबे, बाटल्या, रसाच्या ग्लासाचा फोटोसुद्धा, एका पिशवीत घालून. आई जिना चढताना दोनदा म्हणाली, "राहू दे ना, ओरडतील." डॉक्टरांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. ओरडले नाहीत. एकेक हातात घेऊन तिला विचारत गेले, हे कशासाठी, ते कधीपासून. वीस मिनिटं लागली. बाहेरची रांग कुरकुरत होती, मला वाईट वाटत होतं, पण मी उठले नाही.

वैद्यबुवा, तुमचा ज्येष्ठमधाचा अंदाज बरोबर निघाला. हिवाळ्यात आईचं बीपी वाढलं म्हणून एक गोळी वाढवली होती, आणि काडी चघळणं तेव्हाच सुरू झालं होतं. काडी बंद केली. आठ दिवसांत बीपी बरंच खाली आलं आहे. पोटॅशियम तपासलं, थोडं कमीच निघालं. ग्लिमेपिराइड बंद करून डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. मेथीदाणे चालू ठेवायला सांगितले, पण रोज तेवढेच, चमचा मोजून. कारलं भाजीत खा म्हणाले. रस बंद. अश्वगंधा तूर्त बंद, झोपेचं काय ते पुढच्या वेळी बघू म्हणाले. चूर्णाची बाटली सील करून माझ्याकडे आहे, तक्रारीचा अर्ज भरला आहे.

आईनं स्वतःच्या अक्षरात एक यादी केली आहे आणि ती स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या खिळ्याला लटकवली आहे. "पोटात काय काय जातं" हेच मथळ्याला लिहिलं आहे, निवासी डॉक्टरांचा प्रश्न जसाच्या तसा. गुरुवारी भजनी मंडळात तिनं ती यादी वाचून दाखवली. चौदापैकी अकरा बायका काही ना काही घेतात. नऊ जणींच्या घरी माहीत नाही.

आता आईचा प्रश्न, पवनीकर दादांसाठी. महालातल्या आमच्या अंगणात कडुनिंबावर एक वेल आहे, माझ्या आजोबांच्या वेळची. आई काढा त्याच वेलीचा करते. ती खरी गुळवेल आहे का, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

---

पवनीकर

ताई, नुसत्या पानाच्या फोटोवर मी हो म्हणणार नाही. पान, जून खोड आणि खोड आडवं कापल्यावर आतला भाग, असे तीन फोटो टाका. खोडावर फोडांसारखे मोठे गाठीगाठी उठलेले असतील तर हात लावू नका. पुढच्या शनिवारी मी इतवारीत माल घेऊन येतो आहे, महाल जवळच आहे. आईंना चालत असेल तर येऊन पाहून जाईन. तोवर काढा चुलीवर ठेवू नका.

---

महालची_लेक

आई म्हणते, अवश्य या, आणि जेवूनच जा. फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकते.